स्क्रूचा अर्धा फेरा

रोज सकाळी मामा आपल्या जुन्या स्कूटरला किक मारायचा, तिला स्टँडवरच चालू ठेवायचा, चहाचा ग्लास तिच्या सीटवर ठेवायचा आणि समोर उकिडवा बसायचा. चहा निवेपर्यंत त्याची नजर ग्लासावर असे. वर साय धरली आणि ती हलली नाही, की तो मान डोलवायचा आणि एका दमात चहा संपवायचा. सायीला सुरकुती पडली तर चहा तसाच राहायचा. मग प्लग निघायचा, फिल्टर निघायचा आणि मामी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणायची, "झालं! आज परत दोनदा चहा."

"अगं, गाडी कुरकुरतेय."

"मी पण कुरकुरतेय. माझ्याकडे कधी बघणार?"

हे संभाषण मी आठ वर्षं जवळजवळ रोज ऐकलं. आमच्या गावात सातवीच्या पुढे शाळा नव्हती, म्हणून आईने मला तिच्या थोरल्या भावाकडे ठेवलं होतं. दोन खोल्या, पुढे फरशी घातलेलं छोटं अंगण आणि रस्त्यावर उघडणारं लोखंडी फाटक. दोघांना मूल नव्हतं. मी आले तेव्हा मामीने कपाटाचा खालचा खण रिकामा करून दिला आणि मामाने माझ्या सायकलच्या ब्रेकना नवे रबर बसवले. एवढंच स्वागत. पण त्या दिवसापासून ते घर माझंही झालं.

मामाचं दुकान घरापासून दहा मिनिटांवर, पंक्चरवाल्याच्या शेजारी. एक शटर, आत काळं पडलेलं लाकडी टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. मोपेड, स्कूटर, पाण्याचे पंप, गवत कापायची मशीन, छोटे जनरेटर अशी लहान इंजिनं तो बघायचा. मोठ्या गाड्यांना हात लावत नसे. "मोठी गाडी बिघडली की मालक ओरडतो. छोटी बिघडली की माणूस चालत येतो, घामाघूम, बिचारा," असं त्याचं म्हणणं.

त्याचं नाव होतं ते एका तक्रारीसाठी. गाडी स्लोला बंद पडते. सिग्नलला उभी केली की मरते. किंवा उलट, रेस सोडली तरी ओरडतच राहते. अशा वेळी इतर मेकॅनिक कार्ब्युरेटरच्या कुशीतला एक छोटा स्क्रू पिळून मोकळे होतात. तो आत पिळला, की रेस पूर्ण सोडली तरी इंजिनाचा वेग वाढलेला राहतो. गाडी बंद पडत नाही, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. मामाला या प्रकाराची चीड होती.

"हे म्हणजे दुखतंय म्हणून रडणाऱ्याचं तोंड दाबायचं आणि म्हणायचं, बघा, बरा झाला," तो म्हणायचा. "स्क्रू सगळ्यात शेवटी. आधी का मरते ते शोधा."

तो शोधायचा. हँडल डावीकडे-उजवीकडे वळवून आवाज वाढतो का बघायचा. वाढला तर केबल कुठेतरी ओढली जातेय. प्लगचा रंग बघायचा. पेट्रोलच्या नळीतून धार सलग येते की थांबून थांबून, ते बघायचा. हे सगळं ठीक निघालं, की मग तो टेबलाच्या खणातून इंजेक्शनची नळी काढायचा. सुई नसलेली, मामीने आणून दिलेली. मामी परिचारिका होती. घरोघर जाऊन इंजेक्शनं द्यायची, जखमा बांधायची. मामा त्या नळीत साबणाचं पाणी भरायचा आणि चालू इंजिनाच्या प्रत्येक सांध्यावर थेंब थेंब सोडायचा. जिथे थेंब पडताच आवाज बदलला तिथे चीर. गाडी तिथून चोरून हवा घेतेय.

"तुमचा आणि माझा धंदा एकच," मामी म्हणायची. "फक्त माझे पेशंट सुई बघून पळतात. तुमचे किक मारूनही हलत नाहीत."

मामीची मोपेड तिने स्वतःच्या पगारातून घेतलेली. मूळचा रंग निळा असावा. दिवसाला चौदा-पंधरा घरं ती त्या मोपेडवर करायची. डिकीत औषधांचा डबा, हँडलला पाण्याची बाटली. शाळेत जाताना मी मागे बसायचे. वळणावर ती थोडी झुकायची आणि मला म्हणायची, "घट्ट धर, नाहीतर मामाला नवी भाची शोधावी लागेल." घरात ती भराभर, आदळआपट करत वावरायची, गाडीवर मात्र तिचा चेहरा निवांत असायचा. तो चेहरा मी आरशात बघत राहायचे.

मी नववीत होते तेव्हा ती मोपेड बंद पडायला लागली.

त्या वर्षी मैदानांचं गवत कापणाऱ्या ठेकेदाराने मामाच्या दुकानात एकदम सात मशीन आणून टाकली होती. मामा सकाळी लवकर जायचा, जेवायलाही यायचा नाही. एका सकाळी मामी हेल्मेट घालून, गाडी चालू करून अंगणात उभी राहिली. मी मागे बसले होते, दप्तर मांडीवर.

"अहो, काल तीन वेळा बंद पडली. भर चौकात. मागचे हॉर्न वाजवून जीव घेतात."

"रविवारी उघडतो."

"रविवार चार दिवसांवर आहे. कोपऱ्यावरच्या आजोबांना साडेआठला इन्सुलिन द्यायचंय. आत्ता चालेल असं काहीतरी करा ना."

मामाने घड्याळाकडे पाहिलं. मग शर्टाच्या खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, वाकला आणि स्क्रू अर्धा फेरा आत पिळला. इंजिनाचा आवाज चढला. गाडी मरायची थांबली.

"तात्पुरतं आहे हं," तो म्हणाला. मामीला की स्वतःला, कोण जाणे.

रविवारी ठेकेदार दुकानावर येऊन बसला होता. पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा मरायला लागली. पुन्हा अर्धा फेरा. त्यानंतर आणखी एकदा. तिन्ही वेळा मी तिथे होते. तिसऱ्या वेळेनंतर स्टँडवर उभ्या गाडीचं मागचं चाक आपोआप गरगरायला लागलं. तिला गिअर नव्हते. इंजिन जोरात चाललं की चाकाला ओढ लागायचीच.

"अहो, ही पुढे ओढते."

"ब्रेक दाबून स्टँडवरून काढ. या रविवारी नक्की. ती सात धुडं एकदाची जाऊ देत."

तो शुक्रवार होता. गारठा होता, म्हणून मामीने चोक ओढून गाडी सुरू केली. मी पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. तिने चोक बंद केला, गाडी स्टँडवरून ढकलली, आणि त्याच क्षणी इंजिन एकदम किंचाळलं. मी मान वर केली तोवर गाडी तिला घेऊन फाटकाकडे निघाली होती. चार पावलांचं तर अंगण. फाटकाचा लोखंडी खांब आणि गाडीचं हँडल यांच्यामध्ये तिचा उजवा हात सापडला.

मनगटाची दोन हाडं मोडली होती. दवाखान्याच्या बाकावर ती प्लास्टर वाळायची वाट बघत बसली होती, तोंड पांढरंफटक. शेजारच्या काकू बरोबर आल्या होत्या. त्याच म्हणाल्या, "घाबरून रेस पिळली गेली असेल गं. होतं असं. ब्रेक दाबायला जावं आणि हात पिळला जावा."

मामीने प्लास्टरकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. तसंच झालं असणार. माझीच घाई."

मामा समोर उभा होता. तिच्या चपला त्याच्या हातात होत्या. त्याने त्या खाली ठेवल्या, पुन्हा उचलल्या.

दुपारी त्याने मोपेड अंगणातच उघडली. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणारी बोटभर लांबीची रबरी नळी असते. ती काढून त्याने अंगठ्याने वाकवली. खालच्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, चीर होती. वाकवल्यावर ती ओठासारखी उघडली. गाडी म्हणूनच मरत होती. आणि चीर पूर्ण फाटल्यावर तिथून शिरलेली हवा तीन वेळा पिळलेल्या स्क्रूच्या जादा हवेला मिळाली, म्हणूनच तिने असा वेग घेतला होता. मामीच्या हाताने रेस पिळली गेली असो वा नसो. साबणाचं पाणी चार थेंब टाकलं असतं तर ती चीर पाच मिनिटांत सापडली असती.

त्याने वर पाहिलं तर मी दारात उभी.

"कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला. "मी सांगतो तिला."

मी मान हलवली. चौदा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाने दिलेला शब्द पुरेसा वाटतो. नंतर तो पुरेसा वाटत नव्हता, तेव्हाही मी त्याच्या आडोशाला राहिले.

मामीचा हात जुळला, पण वाकडा. मनगट वळेना. इंजेक्शनची दांडी हलक्या हाताने दाबणं जमेना. घरोघर जाणं सुटलं आणि ती दवाखान्यात नावं लिहायच्या खिडकीत बसायला लागली. पायी जायची, पायी यायची. तिचा स्वभाव थट्टेचा. ती थट्टा आता तिच्या हातावर निघाली. भांडं पडलं तरी म्हणायची, "या हातात काही देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत." कोणी विचारलं तर स्वतःच रंगवून सांगायची, "अहो, वीस वर्षं गाडी चालवली आणि ऐन वेळी पोरीसारखी घाबरले." लोक हसायचे. मामा पाणी प्यायला उठायचा.

दुकानात मात्र तो बदलला. आधी काटेकोर होता, आता असह्य झाला. पेपर टाकणारा एक माणूस एकदा गयावया करत म्हणाला, "मामा, स्लो थोडा वाढवून द्या ना, बस्स. मला घाई आहे."

"नाही."

"अहो, अर्धा फेरा!"

"गाडी ठेवून जा. नाहीतर घेऊन जा."

"तुम्ही गाडी दुरुस्त करताय की तिच्याशी लग्न करताय? एवढी चौकशी मुलीकडचे पण करत नाहीत!"

पंक्चरवाला फिदीफिदी हसला. मामा हसला नाही. त्याने साबणाच्या पाण्याने नळी भरली आणि गुडघे टेकून बसला. त्या दिवशी चीर नव्हतीच. केबलचा एक तुटका धागा आत अडकत होता. तो सापडायला पाऊण तास लागला. पेपरवाला पायीच निघून गेला होता.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मामाने मोपेड पुन्हा बाहेर काढली. दोन महिने तो तिच्यावर काम करत होता. रेसची मूठ त्याने डाव्या हाताला आणली. त्यासाठी केबल नव्याने वळवली, मूठ उलटी बसवायला एक पट्टी स्वतः कानशीने घासून बनवली, ब्रेक असा जुळवला की डाव्या हाताच्या दोन बोटांनी दाबता यावा. नवा कार्ब्युरेटर, नवी रबरी नळी. गाडी स्लोला इतकी शांत चालायची, की चालू आहे की नाही हे बघायला हात लावावा लागे. एका सकाळी त्याने ती धुऊन पुसून अंगणात उभी केली आणि मामीला हाक मारली.

ती ओल्या हातांनी बाहेर आली. गाडीभोवती फिरली. डाव्या मुठीला हात लावला, हळूच फिरवली. इंजिनाचा आवाज चढला, मूठ सोडल्यावर लगेच खाली आला. तिचे डोळे चमकले, मी पाहिलं. ती सीटवर बसली. पाय खाली टेकलेलेच होते.

मग ती उतरली.

"का गं?" मामाने विचारलं.

"हात बदललात हो. मी तीच आहे ना." ती हसायचा प्रयत्न करत होती. "मला गाडीची भीती नाही वाटत. माझी मला वाटते. त्या दिवशी नुसत्या फाटकावर गेले. उद्या कुणाच्या पोरावर घातली म्हणजे?"

"तसं नाही होणार."

"कशावरून?"

मामाने तोंड उघडलं. मी दारात होते. मला वाटलं, आता. अंगणात फक्त त्या इंजिनाचा आवाज होता, आणि तोही जवळजवळ नव्हता. मामाने हात पुढे केला, चावी फिरवली आणि गाडी बंद केली.

"राहू दे. नको तर नको," तो म्हणाला.

त्या दिवशी मी दुकानावर गेले आणि भांडले. "तिला मूठ नकोय, मामा. तू एक वाक्य बोललास तर ती उद्या गाडी चालवेल."

"माहितीये मला."

"मग?"

तो चिंध्यांनी बोटं पुसत राहिला. "पहिल्या दिवशी बोललो असतो तर चूक झाली, एवढंच झालं असतं. चिडली असती, दोन दिवस बोलली नसती. आता पाच वर्षं ती लोकांना हसून सांगतेय आणि मी बाजूला बसून ऐकतोय. आता काय सांगू? स्क्रूचं सांगू, की ऐकत बसल्याचं?"

"दोन्ही सांग."

"सांगतो. रविवारी."

पुढचं शिकायला मी दुसऱ्या शहरात गेले. फोन केला की शेवटी मी विचारायचे, "बोललास?" तो म्हणायचा, "तिला सर्दी झालीय गं, बरी होऊ दे." कधी, "पाहुणे आहेत." कधी नुसतंच, "हं." पुढे पुढे मी विचारणं सोडलं. मलाही ते सोयीचं होतं. फोनवर मामी असायची तेव्हा मी हवापाण्याच्या गप्पा मारायचे. तीच विचारायची, "तुझा आवाज असा का येतो गं? जेवतेस ना नीट?"

मामा गेला तो सकाळी साडेदहाच्या सुमाराला, दुकानात, स्टुलावर बसल्या बसल्या. समोर कुणाचा तरी पाण्याचा पंप चालू होता. पंक्चरवाला सांगत होता, की इंजिन इतकं सुरेख चाललं होतं, की तो कौतुकाने ऐकत होता. बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं, की मामा पेट्रोल असं वाया जाऊ देत नाही.

आठवड्याभराने मी आणि मामी दुकान आवरायला गेलो. मामी पाने पुसून डब्यात भरत होती, डाव्या हाताने. खणात इंजेक्शनच्या नळ्या निघाल्या, सात-आठ. त्या पाहून ती म्हणाली, "एवढा बारकाईने बघणारा माणूस. माझी गाडी मात्र मीच घातली खांबावर." आणि हसली.

ते हसणं मला सहन झालं नाही. मी सांगितलं. तीन वेळा पिळलेला स्क्रू, चिरलेली नळी, "मी सांगतो" म्हणणारा मामा. सगळं.

तिने हातातला पाना खाली ठेवला. रडली नाही. आधी एकच विचारलं, "चोक बंद केल्यावर ओरडली ती? मी काही न करता?"

"हो. मी पायरीवरच होते."

"म्हणजे मी पिळली नव्हती."

"पिळली असतीस तरी एवढी गेली नसती, मामी."

ती स्टुलावर बसली. उजवं मनगट मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. "नऊ वर्षं मी याला शिव्या घातल्या गं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि तुला ठाऊक होतं."

"हो."

"तू माझ्या ताटात जेवत होतीस."

ती उठून बाहेर गेली, पंक्चरवाल्याच्या बाकावर जाऊन बसली, ती दुपारपर्यंत. मी एकटीच भिंतीवरचे पाने उतरवत राहिले. नंतर ती आत आली, पदराने तोंड पुसलं. मी चाचरत म्हटलं, "गाडी अजून घरी आहे, मामी. चालू होते. डाव्या हाताची."

"सत्तावन्न पुरी झाली मला," ती म्हणाली. "तेव्हा बोलला असता तर चालवली असती. आता माझे डोळे कुठे आहेत?" तिचा आवाज चिडका होता आणि ती चिडलेली मला बरी वाटत होती. "एवढं सोपं होतं. मी काय खाल्लं असतं त्यांना?"

शटर अर्धं ओढून आम्ही उभ्या होतो. तेव्हा ती एकदम थांबली.

"गेले त्या दिवशी सकाळी ते फाटकापर्यंत जाऊन परत आले होते," ती म्हणाली. "मी भांडी पुसत होते. दारात येऊन नुसतेच उभे. मी म्हटलं, काय हो, काही राहिलं का? तर बोलेनात. चष्मा खिशात होता, डबा हातात होता. मी म्हटलं, अहो, बोला ना, मला उशीर होतोय. तर किती तरी वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले. मला वाटलं, भांडं नीट पुसलं नाही म्हणून बघतायत."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाले, काही नाही गं. त्या मोरीच्या नळाचं वायसर झिजलंय. संध्याकाळी आल्यावर बघतो."